उसन्या नावावरची आयात

पुण्याच्या कसबा पेठेतील एखाद्या जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर बसून आज जर्मनीतील किंवा अमेरिकेतील कारखानदाराशी अर्ध्या तासात सौदा ठरविता येतो आणि बँकेमार्फत पैसेही चार दिवसांत पोहोचते करता येतात. माल मात्र इतक्या सहजासहजी येत नाही. तो न्हावाशेवा बंदरात किंवा मुंबईच्या विमानतळावर उतरतो, आणि तेथे कस्टमच्या दफ्तरात जो पहिला प्रश्न उभा राहतो तो मालाविषयीचा नसतो, माणसाविषयीचा असतो. हा माल या देशात आणला कोणी? जिचे येथे कार्यालय नाही, शाखा नाही, नोंदलेली दुय्यम कंपनी नाही, अशा परदेशी कंपनीला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मग ती उत्तर देणारा माणूसच भाड्याने घेते. सर्व्हर, दूरसंचाराची यंत्रे, प्रयोगशाळेतील मापनयंत्रे अशा मालाच्या बाबतीत ही भाड्याची पद्धत आता जगभर एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसली असून, ‘इंपोर्टर ऑफ रेकॉर्ड’ असे भारदस्त नाव तिला मिळाले आहे. सरळ मराठीत सांगायचे तर कागदोपत्री आयातदार!

हा प्रश्न व्यापाऱ्यांचा आणि क्लिअरिंग एजंटांचा आहे, तेव्हा शिक्षकाने वा कारकुनाने त्यात डोके का घालावे, असे कोणी म्हणेल. परंतु महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येणारे यंत्र याच वाटेने येते, त्याची निविदा काढणारा कारकून याच कलमांशी झगडत असतो, आणि नुकताच पदवीधर होऊन स्वतःचा लहानसा धंदा थाटणाऱ्या तरुणाला “तुमच्या नावावर एवढा माल सोडवून द्या, दोन टक्के तुमचे” असे सुचविणारा सज्जन केव्हा भेटेल याचा नेम नसतो. म्हणून याचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अवश्य आहे.

टोपीकरांची वखार

परक्या व्यापाऱ्याला आपल्या मुलखात माल आणू द्यावा, पण त्याला जबाबदार कोणी धरावे, हा प्रश्न आपल्याकडे निदान साडेतीनशे वर्षांचा जुना आहे. इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेला घातलेली वखार म्हणजे त्या काळचे स्थानिक कार्यालयच होते. माल उतरवावयाचा, साठवावयाचा, जकात भरावयाची आणि स्थानिक सत्तेशी बोलावयाचे, ही सारी कामे वखारीतून होत. कसब्यातील लाल महालात ज्यांचे बालपण गेले त्या शिवाजी महाराजांना या वखारींचा अनुभव कडू आला. १६६० मध्ये पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाले. व्यापाराची परवानगी घेऊन बसलेल्यांनी युद्धसामग्री पुरवावी, हे वखारीच्या कोणत्याच करारात बसत नव्हते. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापुरावर स्वारी केली आणि हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह वखारीतील इंग्रजांना कैद करून नेले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एवढे होऊनही महाराजांनी इंग्रजांना व्यापाराची दारे कायमची बंद केली नाहीत. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी झालेल्या तहात त्यांना पुन्हा वखारी घालण्याची मुभा मिळाली आणि शेकडा अडीच जकात ठरली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांविषयी जे धोरण नमूद केले त्यातही हाच समतोल आहे. या लोकांना व्यापारास येऊ द्यावे. परंतु समुद्रकिनारी अथवा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, द्यावीच लागली तर आत, शहराच्या धाकात, सखल ठिकाणी द्यावी, आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत, असा त्याचा आशय आहे. व्यापारी दिसत असला तरी त्याच्या पाठीशी कोणाची सत्ता आहे हे ओळखूनच त्याला जागा द्यावयाची. अमात्यांच्या या धोरणाची थोरवी त्यांच्यानंतरच्या पन्नास-पाऊणशे वर्षांनी सिद्ध केली, तो इतिहास सर्वज्ञात आहे.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न उलट्या बाजूने पुढे आला. परदेशी कंपनीचे येथे कार्यालय आहे हे खरे, पण ते कार्यालय कोणाच्या मालकीचे, असे सरकार विचारू लागले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवल सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांपर्यंत उतरविण्याचा आग्रह धरला. आयबीएम या संगणक कंपनीने ते मान्य केले नाही आणि १९७८ मध्ये तिने येथील गाशा गुंडाळला. ज्या कचेऱ्यांतून पंचकार्डे छिद्रित होत असत तेथील त्या पिढीच्या कारकुनांना तो काळ आठवत असेल. आयबीएमची यंत्रे बहुतांशी भाडेपट्ट्याने दिलेली होती आणि त्यांतील कित्येक जुनाट होती, ही तक्रार रास्तच होती. तथापि कंपनी गेली त्या दिवशी यंत्रे जागच्या जागीच होती आणि ती दुरुस्त कोण करणार हा प्रश्न उरलाच. सरकारने काही काळ अगोदर स्थापन केलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने तो भार उचलला. यंत्र येताना दारात कोण उभे आहे यापेक्षा ते बंद पडेल तेव्हा दारात कोण येणार, ही बाब किती मोलाची असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. त्यावर आपल्याकडे जितका विचार व्हावयास हवा होता तितका झाला नाही, असे आमचे मत आहे.

पाचशे रुपयांचा क्रमांक

आजची कायदेशीर स्थिती काय आहे? १९९२ च्या परकीय व्यापार (विकास व नियमन) कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे आयात-निर्यात संकेतांकावाचून कोणालाही माल आणता वा पाठविता येत नाही. व्यवहारात ‘आयईसी’ या नावाने ओळखला जाणारा हा क्रमांक २०१७ पासून पॅन हाच धरण्यात येतो. त्यासाठी येथील पत्ता, येथील बँक खाते आणि अवघे पाचशे रुपये शुल्क लागते. ज्या परदेशी कंपनीने येथे कसलेच ठाण मांडलेले नाही तिची अडचण पहिल्या पायरीवरच सुरू होते ती यामुळे. पुढच्या पायऱ्याही कमी नाहीत. २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक व माहिती-तंत्रज्ञानाच्या ठराविक वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची झाली, आणि ज्या परदेशी कारखानदाराचे येथे कार्यालय नाही त्याने येथील एक अधिकृत प्रतिनिधी नेमलाच पाहिजे अशी अट पडली. यंत्रात बिनतारी संदेशवहनाची सोय असेल तर दूरसंचार खात्याची मान्यता वेगळी. ३ ऑगस्ट २०२३ रोजी तर लॅपटॉप, टॅब्लेट, सर्व्हर यांच्या आयातीवर निर्बंध असल्याचे एकाएकी जाहीर झाले. ओरड होताच ती आज्ञा ऑक्टोबरअखेर लांबणीवर टाकण्यात आली आणि नोव्हेंबरपासून ऑनलाइन परवानगीची पद्धत सुरू करण्यात आली. रातोरात नियम काढावयाचा आणि दुसऱ्या रात्री तो गुंडाळावयाचा, ही आपल्या व्यापार-प्रशासनाची सवय परवाना-राज्याच्या काळापासूनची असून ती अद्याप सुटलेली नाही.

या साऱ्या अटी अन्यायाच्या आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. विजेच्या यंत्राने आग लागली, बॅटरी फुटली, चुकीच्या वर्गवारीखाली कर बुडविला गेला, तर सरकारला आणि ग्राहकाला कोणाची तरी गचांडी धरता आली पाहिजे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, निकामी झालेल्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकाप्रमाणे आयातदारावरही टाकली आहे. ती योग्यच आहे. ज्याने आणले त्यानेच निस्तरावे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

अडचण आहे ती पुढेच. खऱ्या विक्रेत्याला उजळ माथ्याने उभे राहण्यासाठी परवडणारे दार ठेवलेले नसल्यामुळे तो दुसऱ्याचे नाव उसने घेतो. यातील मोठ्या, जाणत्या संस्था हे काम करार करून, विमा उतरवून, करभरणा चोख ठेवून करतात, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण त्यांचा मेहनताना लहान मालाला परवडत नाही. म्हणून मग ज्याच्याजवळ पाचशे रुपयांचा तो क्रमांक आहे असा कोणीही चालतो. कसब्यातून चार पावले गेले की बुधवार पेठेतील तपकीर गल्ली लागते. तेथील विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दाटीत उभे राहिले की परदेशी माल किती हातांतून फिरून पुण्यात येतो याची कल्पना कोणालाही यावी. या हातांपैकी बिल ऑफ एंट्रीवर ज्याचे नाव आहे तो एकच हात कायद्याच्या दृष्टीने खरा.

सीमाशुल्क कायदा हा १९६२ चा. मालाची वर्गवारी आणि किंमत आयातदाराने स्वतःच जाहीर करावी अशी त्यात २०११ पासून तरतूद आहे. ही जाहीर माहिती चुकीची निघाली तर कमी भरलेला कर सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत आणि लबाडी किंवा माहिती दडविणे आढळले तर पाच वर्षांपर्यंत वसूल होऊ शकतो. त्याखेरीज व्याज, दंड आणि माल जप्त होणे हे आहेच. आता विचार करा. ज्या तरुणाने दोन टक्क्यांसाठी सही केली त्याने तो माल उघडून पाहिलेला नसतो, त्याची खरी किंमत त्याला ठाऊक नसते, पेटीतील यंत्र संगणक म्हणून शून्य शुल्काच्या वर्गात बसते की दुसऱ्याच कसल्या वर्गात बसते हे त्याला सांगता येत नसते. परदेशी विक्रेत्याने चार वर्षांपूर्वी पाठविलेल्या बिजकाबद्दल नोटीस येते ती त्याच्या वाड्यावर. विक्रेता परदेशात असतो आणि बहुधा पत्राला उत्तरही देत नाही. २०१७ मध्ये ‘आयातदार’ या शब्दाच्या व्याख्येत मालाचा खरा लाभधारी मालकही घालण्यात आला हे खरे. पण म्हणून ज्याने सही केली तो सुटतो असे नाही. शिवाय तो लाभधारी जर सातासमुद्रापार असेल, तर हाताशी असलेल्याकडेच खाते वळणार हे उघड आहे.

याला आणखी एक पदर आहे आणि तो केवळ पैशांचा नाही. माल पाठविणाऱ्या देशालाही, हे यंत्र शेवटी कोण वापरणार, हे हवे असते. १९८० नंतरच्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला तेव्हा हाच प्रश्न आडवा आला. अधिक क्षमतेचे यंत्र नाकारण्यात आले, आणि १९८८ मध्ये हवामानाच्या अंदाजासाठी म्हणून दिल्लीस जे आले ते कमी क्षमतेचे, तेही वापरावरील कडक अटींसह. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ उभा केला, हा पुणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे. त्यातील ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक मात्र इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे होते, ही गोष्ट त्या अभिमानाच्या भरात सहसा सांगितली जात नाही. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेने प्रगत प्रक्रियकांच्या निर्यातीवर, मुख्यतः चीनला समोर ठेवून, जे निर्बंध घातले त्यांनी अंतिम वापरकर्त्याचा प्रश्न पुन्हा तापविला आहे. अशा यंत्रासाठी अंतिम वापराच्या प्रतिज्ञापत्रावर जर भाड्याच्या नावाने सही केली, तर ती व्यक्ती स्वतःच्या ताब्यात कधीही न आलेल्या वस्तूविषयी परक्या सरकारला हमी देत असते!

कारकुनाच्या टेबलावरचे तीन अक्षरांचे कलम

महाविद्यालये आणि संशोधनसंस्था यांच्या खरेदी-विभागात हा सारा गुंता ‘डीडीपी’ या तीन अक्षरांत येऊन बसतो. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संकेतांप्रमाणे या अक्षरांचा अर्थ असा की, कर व शुल्क भरून माल दाराशी आणून देणे हे विक्रेत्याचे काम. निविदा काढणाऱ्याला हे कलम फार गोड वाटते. कस्टमची कटकट नाही, एजंट शोधावयास नको, एकच रक्कम, एकच बिल. परंतु विक्रेत्याचे येथे कार्यालय नसेल तर तो शुल्क भरणार कोणाच्या नावावर? त्याला एक तर संस्थेचेच नाव गुपचूप वापरावे लागते, नाही तर भाड्याचा आयातदार आणावा लागतो. पहिल्या प्रकारात संस्था नकळत आयातदार होते. दुसऱ्या प्रकारात यंत्र संस्थेच्या इमारतीत आणि आयातीचे कागद तिऱ्हाइताच्या कपाटात, अशी फारकत होते.

ही फारकत पहिल्या वर्षी जाणवत नाही. यंत्राचा एखादा भाग हमीच्या मुदतीत बिघडतो आणि तो दुरुस्तीसाठी परदेशी पाठवावा लागतो, तेव्हा ती जाणवते. तो भाग बाहेर नेताना, आणि दुरुस्त होऊन परत येताना त्यावर पुन्हा पूर्ण शुल्क पडू नये म्हणून, मूळ आयातीचे कागद दाखवावे लागतात. ते ज्याच्या नावावर आहेत तो आयातदार एव्हाना धंदा बंद करून गेला असेल तर? प्रयोगशाळेतील विद्यार्थी सत्रभर बंद यंत्राकडे पाहत बसतात आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘पुरवठादाराशी पत्रव्यवहार चालू’ असे लिहिले जाते. एकात्मिक जीएसटीचेही तसेच. ज्याच्या नावावर तो भरला जातो त्याच्याच हिशेबात त्याची वजावट येऊ शकते. खरा खरेदीदार दुसराच असला की तो गुंता लेखापरीक्षणापर्यंत पुरतो. म्हणून आमची खरेदी-विभागांना सूचना अशी की, विक्रेत्याचे येथे कार्यालय नसेल तर संस्थेने स्वतः आयातदार व्हावे, चांगला कस्टम एजंट नेमावा, आणि माल ठरल्या ठिकाणापर्यंत विक्रेत्याने आणावा पण शुल्क संस्थेने भरावे अशा अटीवर सौदा करावा. काम थोडे वाढते खरे, पण कागद आपल्या कपाटात राहतात. प्रदर्शनासाठी वा प्रात्यक्षिकासाठी यंत्र थोडे दिवस आणून परत न्यावयाचे असेल तर एटीए कार्नेट नावाचा आंतरराष्ट्रीय दाखला आहे. आपल्याकडे त्याची हमी ‘फिक्की’ घेते. मात्र त्या दाखल्यावर आलेले यंत्र आवडले म्हणून येथेच ठेवून घेता येत नाही.

दुसऱ्याच्या दारात आपण

आपण केवळ आयातदाराच्या बाजूनेच पाहतो, पण पुण्याचा कारखानदार परदेशात माल विकावयास जातो तेव्हा तोही तेथे तसाच परका असतो. मोठ्या घराण्यांनी यावर मोठा उपाय शोधला. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये इंग्लंडमधील एसपीपी पंप्स ही कंपनी घेतली, भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस घेतली. परमुलखात उभे राहावयास घर हवे म्हणून घरच विकत घेतले! भोसरीत किंवा धायरीत चार कामगारांसह मोजमापाचे उपकरण बनविणाऱ्याला हे कसे शक्य व्हावे?

युरोपीय संघात सीमाशुल्काचे जाहीरपत्र देणारा, काही अपवाद वगळता, संघात स्थायिक असावा लागतो. नसेल तर अप्रत्यक्ष प्रतिनिधी नेमावा लागतो आणि तो शुल्काला बरोबरीने जबाबदार राहतो. त्यामुळे असा प्रतिनिधी पाठीशी पक्की हमी असल्यावाचून सही करीत नाही. १६ जुलै २०२१ पासून यंत्रे, विजेची उपकरणे अशा अनेक वस्तूंवर संघातील जबाबदार व्यक्तीचे नाव व पत्ता असणे बंधनकारक झाले. १३ डिसेंबर २०२४ पासून साध्या घरगुती वस्तूंनाही तशीच अट लागू झाली. म्हणजे कसब्याच्या तांबट आळीत हातोडीने मठारलेला तांब्याचा घडा जर्मनीतील एखाद्या गृहिणीने थेट मागविला, तर त्या घड्याबरोबरही युरोपातील कोणाचे तरी नाव गेले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या मालाची ओळख केवळ ठोक्यावरून पटत आली, त्या कारागिरांना हे नाव पुरविणार कोण? निर्यातवाढीची भाषणे करणाऱ्यांनी याचा विचार केल्याचे दिसत नाही.

अमेरिकेने मात्र वेगळी वाट ठेवली आहे. तेथे परदेशी कंपनी स्वतःच्या नावाने आयातदार होऊ शकते. तिने बंदराच्या राज्यात एक निवासी मुखत्यार नेमावयाचा आणि तेथील जामीन संस्थेचा रोखा द्यावयाचा, की झाले. सरकारला शुल्काची हमी मिळते आणि नोटीस बजावण्यास माणूसही मिळतो. जपानमध्येही बाहेरच्या आयातदाराला सीमाशुल्काच्या कामासाठी तेथील मुखत्यार नेमण्याची सोय आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या देशाने आयातदार कोणाला म्हणावयाचे हे अधिक काटेकोर केले, तेव्हा नाव उसने देणाऱ्यांची वाट अरुंद झाली आणि स्वतःच्या नावाने येणाऱ्यांना मुखत्याराची वाट उरली.

आपल्याकडेही याला अनुकूल असे एक उदाहरण कायद्यातच आहे. जीएसटीत ‘अनिवासी करपात्र व्यक्ती’ अशी वेगळी नोंदणी असून, येथे कायमचे ठिकाण नसलेला परदेशी व्यापारी अंदाजे कर आगाऊ भरून नव्वद दिवसांपुरता, आणि मुदतवाढ घेऊन पुढेही, व्यवहार करू शकतो. करखात्याला जे जमले ते आयातीच्या खात्याला जमू नये असे काही नाही. येथे कार्यालय नसलेल्या विक्रेत्याला बँक हमीवर, निवासी मुखत्याराच्या संयुक्त जबाबदारीवर आणि अंतिम वापरकर्त्याचे नाव आरंभीच लिहून घेऊन मर्यादित मुदतीचा आयात संकेतांक द्यावा. अशा दाराने स्वस्त माल ओतला जाईल, बनावट कंपन्या शिरतील, ही भीती कोणी बोलून दाखवील. आज भाड्याच्या नावाखाली जे येते त्याची तपासणी या भीतीपोटी अधिक होते असे तर दिसत नाही. उलट बँकेची हमी ठेवून, स्वतःचे नाव लिहून येणाऱ्यावर लक्ष ठेवणे सोपे जाईल. दुरुस्ती आणि ई-कचरा यांची जबाबदारीही मग त्या हमीतूनच वसूल करता येईल.

तोवर ज्या तरुणांनी नुकताच आपला संकेतांक काढला आहे त्यांनी एवढे तरी करावे. दुसऱ्याच्या मालासाठी सही करण्यापूर्वी खरेदीची मूळ ऑर्डर, बिजक, यंत्राचा तांत्रिक तपशील आणि मानक ब्यूरोची नोंदणी मागून घ्यावी, कराराचा मसुदा वकिलाला दाखवावा, आणि पाच वर्षांनी नोटीस आली तर ती रक्कम देण्याची परदेशी विक्रेत्याची बँक हमी आधी हातात घ्यावी. दोन टक्के देणारा सज्जन यातले काहीही देण्यास तयार होत नसेल, तर त्या पेट्या बंदरातच पडून राहू द्याव्यात.